सातामागे सहा

भिंतीवरच्या डब्यात लाल दिव्यांचा बेचाळीस आकडा उमटला, तेव्हा पाटीवालीच्या हातातल्या चिठ्ठीवर एकेचाळीस होता. चाळीस नंबरचे गृहस्थ डोळ्यांवर रुमाल धरून नुकतेच बाहेर आले होते, म्हणजे आता एकेचाळीसच लागायला हवा होता. पण बेचाळीस नंबरची बाई बेधडक उठली आणि पिशवी सावरत डॉक्टरांच्या दाराकडे निघाली. एवढीशी गोष्ट. दुसरं कोणी असतं तर खिडकीतल्या मुलीला जाऊन सांगितलं असतं, नाहीतर पाच मिनिटं बसून राहिलं असतं. पाटीवाली ताडकन उभी राहिली आणि ओरडली, "थांबा! आकडा चुकलाय! आत जाऊ नका!" हॉलभर माना वळल्या. बेचाळीसवाली दारातच थबकली. मागच्या खुर्चीवर कोणीतरी फिस्सकन हसलं, मग त्याच्या शेजारचं, मग पलीकडच्या दोघी. हसणं एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर कसं सरकतं ते पाटीवालीने पूर्वी पाहिलं होतं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "अहो आजी, मशीन आहे ते. होतं असं कधीकधी. जा तुम्ही आधी." पाटीवाली आत गेली नाही. चिठ्ठी मुठीत चुरगाळत ती जिना उतरली आणि रस्त्यावर येऊन कठड्याला धरून उभी राहिली. सत्तर वर्षांची बाई, डोळे तपासायला आलेली, आणि न तपासताच परत चाललेली.

घराजवळ डोळ्यांचे दोन दवाखाने होते. तिथे न जाता ती दोन बस बदलून इथेच यायची. कोणी विचारलं की सांगायची, डॉक्टरचा हात हलका आहे. खरं कारण असं, की ही पाच मजली इमारत उभी राहण्यापूर्वी इथे फर्निचरचं दुकान होतं, त्याआधी शीतगृह होतं, आणि शीतगृहाच्याही आधी, थंड हवा कोंडायला त्याच्या खिडक्या विटांनी बुजवल्या त्याआधी, ते थिएटर होतं. अकराशे खुर्च्यांचं. दवाखान्याच्या हॉलमध्ये लोक जिथे डोळे मिटून बसतात, तिच्या हिशेबाने तिथे खाली बॅन्ड बसायचा. तिथे नाटक कधी झालं नाही. एका खेळात बारा प्रयोग, प्रत्येक दहा मिनिटांचा: पक्ष्यांचे आवाज काढणारा, दोन्ही हातांनी दोन वेगळी पत्रं लिहिणारी बाई, बेरीज करणारं कुत्रं (त्याच्या मालकाला मात्र कधी बेरीज जमली नाही), गाणाऱ्या तिघी बहिणी, सुरीवाला आणि त्याची घाबरट बायको. रोज तीन वाजता एक खेळ, सहा वाजता दुसरा. शिट्ट्या, चुरगाळलेले कागद, संत्र्यांच्या साली, कधी एखादं फूल. शहराला तेव्हा हसायचं असलं की ते तिथे यायचं. आता त्या जागेची एक खूणही राहिली नाही. पाटीवाली मात्र दर सहा महिन्यांनी येऊन त्या जमिनीवर तासभर बसायची, आणि डोळ्यांत थेंब घालून घरी जायची.

आज मात्र घाई होती. चार वाजता नात येणार होती. तिची स्वतःची नव्हे; तिला ना मूल, ना नातू. ही थिएटरात शिडीचा प्रयोग करणाऱ्या दोघा भावांतल्या थोरल्याची नात, त्याच्या मुलीची मुलगी. ती थिएटरवर पुस्तक लिहीत होती. गेल्या चार महिन्यांत तीनदा येऊन गेली होती. खुर्च्यांचा रंग विचारला, पडद्यावरचं चित्र विचारलं, कुत्र्याचं नावसुद्धा विचारलं, आणि पाटीवालीने सगळं सांगितलं. फक्त एका दिवसाबद्दल विचारलं की ती म्हणायची, "आठवत नाही गं, वय झालं." काल फोन आला: आजी, उद्या शेवटचं वाचून दाखवते, परवा पुस्तक छापायला जातं. बसमध्ये खिडकीशी बसून पाटीवाली डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळत राहिली. शेजारच्या माणसाने विचारलं, "संधिवात का?" ती "हो" म्हणाली. खोटं बोलायची आता सवयच झाली होती, त्यात एका संधिवाताने काय वाढणार होतं?

पाटीवाली हे नाव तिला मामाकडून वारशाने मिळालं. मामा पाटीवाला होता. त्याची छाती धरली तेव्हा स्टूल तिला मिळालं, ती तेव्हा बावीस वर्षांची होती. रंगमंचाच्या दोन्ही कडांना प्रेक्षकांकडे तोंड केलेली, जराशी आत वळलेली एकेक चौकट होती, वर दिवा. प्रयोग बदलला की चौकटीत नवा आकडा यायचा, आणि लोक हातातल्या कागदावर पाहून घ्यायचे की आता कोण. कामात अक्कल लागत नाही असं मामा म्हणायचा, लक्ष लागतं. डाव्या विंगेत, एक माणूस जेमतेम मावेल अशा फटीत ती बसायची. समोर लाकडी घोडीवर बारा पत्र्याच्या पाट्या ओळीने उभ्या, सगळ्यांचं तोंड तिच्यापासून पलीकडे. तिच्याकडे पाट्यांची पाठ, आणि पाठीवर खडूने आकडा. सर्वांत जवळची उचलायची, तशीच चौकटीत मागून सरकवायची. चौकटीचं तोंड तिला कधी दिसायचं नाही. ते समोरच्या विंगेतल्या पडदेवाल्याला दिसायचं, आणि तो तिचा आकडा पाहून आपल्या बाजूला तोच लावायचा. म्हणजे आपण काय दाखवलं हे तिला समोर पाहूनच कळायचं. आणि एक नियम होता, तो मामाने तिला पहिल्याच दिवशी दोनदा म्हणायला लावला होता: माणूस रंगमंचावर असताना पाटीला हात लावायचा नाही. कारण बॅन्डमास्तर नोटेशन बघत नसे, पाटी बघत असे. पाटी हलली की त्याची काठी थांबायची आणि पुढच्या प्रयोगाचं वाजायला लागायचं. शिडीवर उभा असलेला माणूस बॅन्डच्या ठेक्यावर तोल धरतो. ठेका काढून घेतला की त्याच्या पायाखालची शिडीच काढून घेतल्यासारखं.

सहा नंबर थोरला, सात नंबर धाकटा. सख्खे भाऊ, चार वर्षांचं अंतर, पण चेहरेपट्टी एकच. सहा नंबरला थोरला काळ्या कोटात यायचा, कशालाही न टेकवलेली शिडी उभी करायचा, पायऱ्या चढत जायचा, आणि वरच्या पायरीवर उभा राहून कपाळावर नऊ ग्लासांचा मनोरा तोलायचा. कागदावर त्याच्या नावापुढे छापलेलं असे: कृपया शांतता राखावी. अकराशे माणसं श्वास कोंडून बसायची. मग सात नंबर. तसाच काळा कोट, तशीच शिडी, तसाच गंभीर चेहरा. पहिलं मिनिटभर धाकटा हुबेहूब थोरला असायचा. मग एक पाय घसरायचा. मग दुसरा. मग ग्लास, मग शिडी, मग तो स्वतः, सगळं एकदम खाली, आणि लोक खुर्च्यांवर लोळायचे. ती गंमत सगळी त्या पाटीवर उभी होती. सातचा आकडा पाहिला की लोक पहिल्या मिनिटातच गालातल्या गालात हसायला लागायचे, हा आता पडणार म्हणून. थोरल्याला हा प्रयोग आवडायचा नाही. धाकट्यापाशी तो अनेकदा म्हणाला होता, "माझ्या कष्टांचं तू माकड करतोस." धाकटा म्हणायचा, "दादा, माकड आहे म्हणून तर लोकांना कळतं की आधीचा माणूस होता." पाटीवालीला दोघांचं पटायचं. पाटीवालीला, खरं सांगायचं तर, धाकटा जरा जास्तच पटायचा.

किल्ली कुलपात फिरेना. तिने ती काढून पुन्हा घातली. घरात येऊन तिने पाणी पिऊन घेतलं, खुर्ची खिडकीपाशी ओढली, पुन्हा जागेवर ठेवली, आणि कपाटाच्या तळच्या कप्प्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेली ती वस्तू शेहेचाळीस वर्षं होती. घर तीनदा बदललं, नवरा गेला, भांडी गेली, ती मात्र प्रत्येक घरी तळच्या कप्प्यात गेली. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, काय आहे एवढं? ती म्हणाली होती, मामाची आठवण. दाराची घंटा वाजली तेव्हा चारला पाच कमी होते. पोरगी वेळेआधी येणारी, आजोबांवर गेलेली.

नात आली ती पायातलं काढता काढताच बोलत. "आजी, तुमचा चेहरा का उतरलाय? डोळ्यांचं काही गंभीर सांगितलं का?" 

"नाही गं. गर्दी होती. बस." 

"मी पटकन वाचते. आईने ऐकलंय सगळं, फक्त हे प्रकरण नाही ऐकलं. म्हणाली, छाप आणि मग दे." नातीने कागद काढले. तिचे डोळे थोरल्याचे होते, पापणी न हलवता बघणारे, आणि पाटीवालीला त्या डोळ्यांसमोर बसणं दर वेळी जड जायचं. नात वाचू लागली. सोमवार होता, तीनचा खेळ. सहाव्या प्रयोगाच्या वेळी चौकटीत सातचा आकडा लागला. धाकट्या भावाने गंमत म्हणून पाटीवालीला तसं करायला सांगितलं होतं. प्रेक्षक हसू लागले. आयुष्यात ज्याला कोणी हसलं नव्हतं तो माणूस शिडीवर विचलित झाला. नात थांबली. "पुढे पडण्याचं आहे. ते नको ना वाचू?" 

"नको," पाटीवाली म्हणाली.

पडण्याचं तिला कोणी वाचून दाखवायची गरजच नव्हती. त्या सोमवारी सकाळी तिने पाट्यांना नवा रंग दिला होता. मॅनेजरने हुकूम सोडला होता, आकडे फिके पडलेत. हवा दमट, तैलरंग वाळेना, म्हणून ती प्रत्येक दोन पाट्यांच्या मध्ये रद्दीचा कागद घालत गेली. शेवटी सहा आणि सातच्या मध्ये घालायला एकच कागद कमी पडला. एवढ्यासाठी कोण वर माडीवर जातंय, असं म्हणून तिने त्या दोन तशाच लावल्या. आळस म्हणजे आळस, त्याला दुसरं नाव नाही. तिघी बहिणींचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तिने सर्वांत जवळची पाटी उचलली. पाठीवर खडूने सहा होता. चौकटीत सरकवली. समोरच्या विंगेत पडदेवाल्याने मान उंचावून पाहिलं आणि सात लावला. तिने आधी मनाची समजूत घातली, पडदेवाल्याचं चुकलं, पुन्हा प्यायलाय. मग लक्षात आलं की तो तिचीच नक्कल करतोय. थोरला तोवर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. बॅन्डमास्तरने पाटीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ठेका चालू ठेवला. दोघा भावांची सुरुवातीची धून एकच होती. आता पाटी काढली तर बॅन्ड थांबणार. नाही काढली तर लोक हसणार. दोन्हीकडून आगच, मग ती तशीच बसली, हात मांडीवर ठेवून. थोडं हसतील आणि थांबतील, ती मनाशी म्हणाली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यात कोणाचा जीव जातो?

लोक हसले. आधी डावीकडचे, मग गॅलरी. थोरला वरच्या पायरीवर पोचला होता, कपाळावर सहा ग्लास चढले होते. हसू ऐकून त्याची मान किंचित ताठ झाली. सातवा ग्लास चढवला, लोक आणखी हसले, गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "पड की आता!" आणि त्याने नजर वळवली. डोकं नाही, फक्त डोळे. उजवीकडच्या चौकटीकडे. त्याने सात वाचला, हे पाटीवालीने पाहिलं, आणि तेवढं फक्त तिनेच पाहिलं. त्यानंतर ग्लास, मग शिडी, मग तो स्वतः. ड्रमवाल्याने सवयीने पडण्याचा ठोका दिला. अकराशे माणसं खुर्च्यांवर लोळली. तो उठला नाही तशी आणखी लोळली, कारण धाकटासुद्धा लगेच उठत नसे. मग समोरच्या विंगेतून धाकटा धावत आला, तसाच काळा कोट, तसाच चेहरा, आणि एकासारखे एक दोघं पाहून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो "पडदा! पडदा टाका!" म्हणून रडत होता आणि लोक "वा!" म्हणत होते. पडदेवाला हसत होता. त्याला कळायला बराच वेळ लागला. पडदा पडल्यावर मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला, "पाटी कोणी लावली?" तिने तोंड उघडलं. दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला धाकटा वर न बघता म्हणाला, "मी सांगितलं तिला. गंमत म्हणून." तिने तोंड मिटलं, ते आजवर मिटलेलंच होतं.

थोरला दुसऱ्या दिवशी गेला. वहिनीने धाकट्याला दारात उभं केलं नाही. आठ वर्षांच्या पुतणीला सांगितलं, तुला काका नाही. पुन्हा कोणत्याही थिएटरने त्याला शिडी दिली नाही. लोक म्हणायचे, सख्ख्या भावाचं हसं करून त्याला मारलं. थिएटरलाही नाट लागला. दोन वर्षांत ते बंद पडलं, आणि त्याचं खापरही त्याच्याच माथ्यावर फुटलं. पाटीवालीला तो एकदाच भेटला, बस थांब्यावर, पंधरा-वीस वर्षांपूर्वी. "बरी आहेस ना?" म्हणाला. चांगला होता आवाज. ती "हो" म्हणाली आणि आलेली पहिली बस पकडून भलत्याच दिशेला गेली. त्याने हे माझ्यासाठी केलं, मला सांभाळलं, असं ती इतकी वर्षं मानत आली होती. रात्री झोप आली नाही की त्यावरच ती झोपायची. कोणीतरी आपल्यासाठी एवढं केलं, हे सुखाचं होतं, आणि हे सुख घेताना आपण लाजत नाही हे त्याहून वाईट होतं.

"त्यांना शेवटचं विचारलं मी परवा," नात म्हणाली. "नदीपलीकडे खोली आहे त्यांची. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, स्वतः चहा केला माझ्यासाठी. मी विचारलं, धाकटे आजोबा, खरंच तुम्ही सांगितलं होतं? म्हणाले, हो. मी म्हटलं, का? तर एवढंच म्हणाले, 'सगळे हसले ना, तेव्हा विंगेत उभा राहून मीही हसलो होतो.' ते मी घातलं नाही पुस्तकात. क्रूर वाटतं." 

तो हसला होता. तीन नाही, चार नाही, शेहेचाळीस वर्षं पाटीवालीने जे आपल्यासाठी म्हणून उशाशी ठेवलं होतं, ते तिच्यासाठी नव्हतंच. तो आपल्या हसण्याची शिक्षा भोगत होता. ती त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती. तिला एकदम फार एकटं वाटलं, आणि लगेच वाटलं, मग तर काहीच उरलं नाही. 

"आई त्यांना भेटणार नाही का?" तिने विचारलं. 

"आई? ती म्हणते, तो मेला की कळव. ते दर वेळी मला विचारतात, तुझी आई येईल का एकदा. मी काय सांगू?"

पाटीवाली उठली. कपाटाशी जाऊन खाली बसताना गुडघे वाजले. चादरीची गाठ सुटेना, तेव्हा तिने दातांनी सोडली. "हे घे," ती म्हणाली. "त्याने मला काही सांगितलं नव्हतं. एक अक्षर नाही." 

नात हसली, प्रेमाने हसली, आणि ते हसू पाटीवालीला दवाखान्यातल्या हसण्याहून जास्त लागलं. "आजी, तुम्ही किती चांगल्या आहात हो. त्यांना वाचवताय. पण ते स्वतःच कबूल करतात ना!" 

छापलेलं एक आणि समोर उभं असलेलं दुसरं. लोक छापलेलंच मानतात. पाटीवाली तिच्या समोर बसली. "उलट कर. मागे काय लिहिलंय?" 

"खडूने... सहा. पुसट आहे." 

"आता पुढे." 

नातीने पाटी फिरवली. हिरव्यावर पांढरा सात. तिने पुन्हा मागे पाहिलं, पुन्हा पुढे. मग कडेला नख घातलं आणि तिचं हसू गेलं. "दोन आहेत. चिकटल्यात." 

"ओला रंग होता. मध्ये कागद घालायचा मी आळस केला. मला सहाच दिसला, लोकांना सात दिसला. त्या दिवशी पिशवीत घालून आणल्या, कोणी विचारल्या नाहीत." 

नातीने पाटी मांडीवर ठेवली. मग एकदम तिने पाटीवालीचे दोन्ही हात धरले, आणि तिचे ते न हलणारे डोळे भरून आले. "म्हणजे अपघात! आजी, म्हणजे कोणाचीच चूक नाही! धाकट्या आजोबांची नाही, तुमचीही नाही. तुम्हाला कुठून कळणार होतं? पाठीवर तर सहाच होता! मी आत्ताच आईला फोन करते." ती उठलीसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की पाटीवालीला वाटलं, इथेच थांबावं. झालं की सगळं. धाकटा सुटला, पोरीची आई सुटली, आपणही सुटलो, आणि खोटं म्हणाल तर यात एकही शब्द खोटा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने डाव्या हाताची बोटं चोळली. ती दोन वर्षं रोज दोन खेळांना मिळून चोवीस वेळा पाटी उचलत होती.

"फोन नंतर कर," ती म्हणाली. "आधी बस. ती पाटी एका हाताने धर. अशी, वरच्या कडेला. डोळे मीट." 

नात बसली. पाटी उचलली, डोळे मिटले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. 

"एक आहे का दोन?" 

"दोन," नात डोळे न उघडता म्हणाली. "लगेच कळतंय, आजी. केवढी जड आहे." 

"हो ना," पाटीवाली म्हणाली. "मलाही कळलं होतं."